चार कप आणि एक झटका

समजा, टेबलावर एक गुळगुळीत कापड अंथरलंय. त्यावर पाण्याने अर्धे भरलेले चार कप आहेत. तुम्हाला ते कापड खसकन ओढून काढायचंय आणि कप मात्र जागचे हलता कामा नयेत. हळू ओढलंत, तर कप कापडाच्या मागोमाग निघतील. झटक्यात ओढलंत, तर घर्षणाला कप ओढून न्यायला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि कप जिथल्या तिथे राहतात. तसं सोपं आहे. आता एवढंच आणखी धरून चला, की ते कप मुख्याध्यापकांचे आहेत आणि मुख्याध्यापक समोरच बसलेत.

जडत्वबाईंची नेमकी हीच अवस्था होती. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. नववीच्या मुलांनी ठेवलेलं नाव हळूहळू शिक्षकखोलीनेही उचललं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ते आवडायचं.

शाळेला भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथे प्रयोग तेवढे होत नसत. याचं श्रेय स्टोअरकीपरना. शाळेची वस्तू फुटू नये, हरवू नये, झिजू नये, यापलीकडे त्यांनी आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं. लंबक त्यांनी दोऱ्याने खिळ्याला जखडून टाकला होता. हलताच येत नसल्यामुळे तो वर्षानुवर्षं उत्तम स्थितीत होता. तराजूची पारडी टेबलाला चिकटवलेली. चुंबक वेगवेगळ्या कपाटांत, उगाच एकमेकांच्या नादी लागायला नकोत म्हणून. मुलं वहीत उपकरणांची चित्रं काढायची, आणि चित्र चांगलं आलं की प्रयोग जमला असं धरलं जायचं.

एवढं सगळं शाबूत असूनही मुख्याध्यापकांचा त्या खोलीवर डोळा होता. त्यांना तिथे मोठा पडदा लावायचा होता. पडद्यावरचा लंबक हलतोही आणि पुसावाही लागत नाही, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. शेवटी असं ठरलं, की निरीक्षकसाहेब येतील आणि एक प्रयोग बघतील. जमला तर खोली बाईंची, फसला तर पडद्याची.

बाईंनी चंग बांधला. सराव घरीच सुरू केला. पाहता पाहता घरातले कप दोनावर आले आणि सगळं घर स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊ लागलं. नवरा बोटं भाजून घेत मुकाट्याने प्यायचा. सासूबाईंना मुकाट्याने काही करायची सवय नव्हती. "आमच्या वेळी कप हातातून निसटून फुटायचे," त्या म्हणाल्या. "आता नियमाने फुटतात."

पण एके दिवशी कापड बाईंच्या हातात आलं आणि शेवटचे दोन कप टेबलावर तसेच उभे. सासूबाईंनी चष्मा लावला आणि पुन्हा करायला लावलं. पुन्हा जमलं.

"कापड गेल्याचा त्यांना पत्ताच नाही गं," सासूबाई म्हणाल्या. जडत्वाची व्याख्या पुस्तकातून काढून हेच वाक्य घालावं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले चिनी मातीचे कप काढून दिले. जणू स्वतःची किडनीच देत होते. बाईंनी टेबल मांडलं आणि त्या साहेबांना आणायला फाटकाकडे गेल्या. परतल्या तेव्हा स्टोअरकीपर टेबलापाशी उभे होते, हात पुसत. बाईंना वाटलं, कप मोजायला आले असतील.

वर्ग भरला. साहेब पहिल्या रांगेत, मुख्याध्यापक त्यांच्या शेजारी. बाईंनी घर्षण सांगितलं, जडत्व सांगितलं, मुलांना डोळे मिटू नका म्हणून बजावलं, आणि सरावाच्या हाताने झटका दिला.

कापड निघालं. कपही निघाले. कापडाला घट्ट धरून ते पतंगाच्या शेपटीसारखे हवेत गेले. तीन भिंतीवर आपटून फुटले आणि चौथ्याचा कान साहेबांच्या मांडीवर येऊन पडला.

मग स्टोअरकीपर हळूच पुटपुटले, की गोंद तर चांगल्यातला होता. साहेबांच्या देखत कप पडायला नकोत, म्हणून त्यांनीच ते कापडाला पक्के चिकटवले होते. खोली गेली, हे बाईंना कळून चुकलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, कप गेले, पण पाणी तिथेच राहिलं."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. कप जिथे होते, साधारण तिथेच टेबलावर पाण्याची चार तळी साचली होती. कपांना गोंदाने ओढून नेलं. पाण्याला कुणी चिकटवलं नव्हतं.

साहेबांनी मांडीवरचा कान उचलून टेबलावर ठेवला. "हे असंच व्हायचं होतं का?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत मुख्याध्यापक बोलून गेले. साहेबांसमोर शाळेचं काही फसलं असं कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"हो साहेब. पाण्याचं जडत्व."

भौतिकशास्त्रातलं एक वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच अचूक निघालं, आणि त्यातच त्यांचा पडदा गेला, हे त्यांना दारापर्यंत पोचल्यावर उमगलं. साहेबांनी प्रयोग उत्तम ठरवला, खोली प्रयोगशाळाच राहील म्हणून सांगितलं, आणि जाता जाता स्टोअरकीपरच्या पाठीवर थाप मारली: यापुढे सामान असंच पक्कं बसवत जा. मग काय, दुसऱ्या दिवशी स्टुलंसुद्धा फरशीला चिकटलेली होती.

सगळे गेल्यावर ती वेण्यांची मुलगी बाईंच्या टेबलापाशी आली. पाणी जडत्वामुळे राहिलं, ते तिला समजलं होतं. पण ते जडत्व कशामुळे असतं, असं तिने विचारलं. बाईंनी व्याख्या सांगितली. मुलगी थांबून राहिली. बाईंनी तीच व्याख्या जरा सावकाश सांगितली. मुलगी आभार मानून गेली, आणि त्या आभारांनी बाईंना जास्तच अवघडायला झालं.

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात बसल्या. हातातल्या पेल्यातला चहा निवला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"खोली मिळाली ना तुझी?" सासूबाईंनी विचारलं. "मग तोंड का असं?"

"मिळाली," बाई म्हणाल्या. "पण आई, वस्तू आपणहून जागची हलायला मागत नाही, एवढं मी वीस वर्षं शिकवतेय. ती का मागत नाही?"