ओले केस खोटं बोलतात

ओले केस खोटं बोलतात, असं ती नव्याने येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. ओला कुरळा केस पाठीपर्यंत लोंबतो आणि वाळला की खांद्यावर येऊन बसतो. ओल्या केसांवर मोजून कात्री चालवणारा त्या बाईचं अख्खं वर्ष घालवतो. म्हणून ती केस कोरडेच कापते. एकेक बट बोटावर घेते, ती कुठे वळते ते बघते आणि वळण पुरं झालं की त्याच्या खाली कापते. मग धुते. धुतल्यापासून वाळेपर्यंत खुर्चीची पाठ आरशाकडे. "ताई, जरा बघू द्या की," असं कुणी म्हटलं तर तिचं ठरलेलं उत्तर असतं, "अर्धं काम दोघांना दाखवू नये. एक घाईवाल्याला आणि दुसरं आरशाला."

दुकान एका जिन्याखाली आहे. एक खुर्ची, मान टेकायला खाच असलेलं एक बेसिन, गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. छत जिन्यासोबतच उतरत जातं, त्यामुळे उंच बायकांना आत येताना वाकावं लागतं. वरच्या बिऱ्हाडांतली माणसं चढतात-उतरतात आणि त्यांची पावलं खालच्या बाईच्या डोक्यावर वाजत राहतात. त्या आवाजाखाली बायका केस वाळण्याची वाट बघत बसतात. वाळण्याला दुसरा इलाज नाही. वाट बघणं हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि तोच लोकांना सर्वांत महाग वाटतो.

घरचे तिला काथ्या म्हणतात. हे नाव वहिनीने ठेवलं.

वहिनी या घरात आली तेव्हा ही शाळेत जाणारी पोर होती. आई अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे दूध, औषधं, दादाचा डबा यांच्याबरोबर हे डोकंही वहिनीच्याच वाट्याला आलं. वहिनीचे स्वतःचे केस सरळ, कमरेखाली जाणारे. वर फणी टेकवून सोडली तर आपसूक खाली यावी असे. अशा बाईच्या हाती हे जंगल पडलं. तिने स्वतःला जे माहीत होतं तेच केलं. कोरडे केस, बारीक दातांची फणी, आणि टाळूपासून सुरुवात. वरचे छोटे गुंते खाली सरकत, खालच्यांना मिळत, आणि शेवटी त्यांची एक गाठ होई. मग अडकलेला खण ओढावा तशी वहिनी ती ओढायची.

"हे केस आहेत की काथ्या? चार भांडी घासून होतील यात."

"दुखतंय, वहिनी."

"दुखायला केसाला काय जीव असतो? सरळ बस. मला खिडकी उघडायची असते वेळेवर."

खिडकी म्हणजे पोस्टातली पार्सलची खिडकी. तिथे वहिनी वजन करायची, शिक्के मारायची. उशिरा पोचणं तिला ठाऊक नव्हतं. ती वाईट नव्हती. मुलगी तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसून राहिली ती वहिनीच. पण सकाळच्या त्या वेळात तिच्या हातात दया नसायची, आणि मुलगी स्टुलाची कड धरून मान ताठ करायला शिकली. पुढे फणी टाळूला लागायच्या आधीच तिची मान ताठ व्हायची. मोठी झाली तरी होत राहिली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे वहिनी केसांबद्दल म्हणायची की तिच्याबद्दल, हे तिला कधी कळलं नाही.

मोठ्या पार्लरमध्ये काम शिकताना तिने पहिली काही वर्षं दुसऱ्यांचे कुरळे केस सरळच केले. औषधाचा वास तिच्या कपड्यांना चिकटून घरी यायचा. तिने स्वतःचेही सरळ केले. एका सकाळी तोंड धुताना ते मुठीएवढे तुटून बेसिनमध्ये पडले. त्यानंतर तिने आपलंच डोकं शिकायला घेतलं. पाणी, कंडिशनर, बोटं, रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर. टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट, कारण टॉवेल केस विस्कटतो. हळूहळू बायका ऐकून ऐकून जिन्याखाली येऊ लागल्या. वहिनी मात्र कधी आली नाही. "केस धुवायला दुकानात जायचं?" ती म्हणायची. "उद्या घास चावायलाही माणूस ठेवा."

मग वहिनीला तो आजार झाला, आणि त्याच्या औषधाने तिचे केस गेले.

उशीवर, नाहणीत, बाहीवर. दादा सकाळी सगळ्यांच्या आधी उठून झाडायचा आणि कागदात बांधून बाहेर नेऊन टाकायचा. काथ्या आता वेगळी राहत होती, पण त्या दिवसांत रोज संध्याकाळी येऊन वहिनीजवळ बसायची. दोघी केसांबद्दल बोलत नसत. एकदाच वहिनी म्हणाली, "एकदा गेले तेवढं बास. पुन्हा जायची वेळ आली, तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. तुझ्या दादाला सांगू नकोस." तिने सांगितलं नाही.

उपचार संपले. केस परत आले, आणि आले ते कुरळे. करड्या रंगाचे, तान्ह्या बाळासारखे मऊ, डोक्याला चिकटून छोटी छोटी वेटोळी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. दादा जेवताना म्हणाला, "घ्या! नणंदेचं डोकं आलं." कुणी हसलं नाही, तेव्हा तोही ताटाकडे बघू लागला.

वहिनीने पुन्हा तेच केलं जे तिला माहीत होतं. कोरड्या केसांत बारीक फणी. वेटोळी फुटली आणि केस वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखे चहूकडे उभे राहिले. तशीच ती खिडकीवर गेली. लोक बोलायचे तिच्याशी आणि बघायचे तिच्या डोळ्यांच्या वर. एका नेहमीच्या गृहस्थांनी आत वाकून विचारलं, "इथल्या त्या लांब वेणीच्या बाई बदलून गेल्या का?" वहिनीने त्यांचं पार्सल घेतलं, शिक्का मारला आणि दुपारी घरी निघून आली. नंतर गेलीच नाही. शेवटी निरोप आला की सोमवारी येणार असाल तर या, नाहीतर खिडकी दुसऱ्याला द्यावी लागेल.

त्या आठवड्याच्या शेवटी जिन्याखालच्या दारात कुणीतरी वाकलं.

"काथ्या, आहेस का?"

डोक्याला रुमाल बांधलेली वहिनी आत आली. खुर्ची, बेसिन, उतरतं छत, सगळं तिने एका नजरेत पाहिलं आणि न विचारता बसली.

"सरळ करून दे."

"काय?"

"बहिरी झालीस? हे. सोमवारी मला खिडकीवर बसायचंय. हे असलं डोकं घेऊन नाही बसणार मी."

"वहिनी, त्या औषधाने टाळू भाजते. तुमची अजून कोवळी आहे. हे केस टिकणार नाहीत. मुठीत येतील सगळे."

"मग तू नको करूस. चौकातला पार्लरवाला करतो म्हणालाय. विचारून आलेय मी."

"आजाराचं सांगितलंत त्याला?"

वहिनी खिडकीकडे बघत राहिली. वरून कुणीतरी जड पावलांनी जिना उतरलं. काथ्याला ती संध्याकाळ आठवली, दवाखान्याची पायरी न चढण्याची. हे केस दुसऱ्यांदा गळाले तर त्यांच्याबरोबर काय काय जाईल, ते फक्त त्या दोघींना माहीत होतं.

"आजचा दिवस मला द्या. वाळले की आरसा बघा. नाही पटलं तर चौकात मी स्वतः पोचवते तुम्हाला."

"आणि नंतर वरचेवर ऐकवशील."

"नाही ऐकवणार."

"तुझ्या जागी मी असते तर ऐकवलं असतं," वहिनी म्हणाली आणि रुमाल सोडला.

मानेपाशी बारीक केसांचा गोळा झाला होता, दाबून बसलेल्या लोकरीसारखा. काथ्याने तो भिजवला, कंडिशनर लावलं, कंगवा घेतला. हात सवयीने चालू लागला. पण त्यात आज काहीतरी वेगळं होतं, आणि ते तिला उशिरा कळलं. समोरची मान ताठ झाली होती. वहिनीच्या दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. ही मान तिच्या ओळखीची होती, आतून ओळखीची. तिने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. कंगवा तिने फणीसारखा धरला होता आणि वरून खाली ओढत होती.

तिने तो बेसिनच्या कडेला ठेवला.

"दुखत असेल तर सांगायचं, वहिनी."

"सांगून काय होतं? तू सांगायचीसच की."

नळ थेंब थेंब गळत होता. मग काथ्याने बोटांनीच सुरुवात केली, टोकाकडून, एका वेळी थोडेसेच केस. गुंत्याच्या वर बट चिमटीत धरायची आणि खाली सोडवायचं.

"असं वर धरलं ना, की ओढ मुळापर्यंत जात नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच होतं तर..." वहिनीने वाक्य तिथेच सोडलं. दांड्यांवरचे हात मात्र हळूहळू सैल झाले.

त्यानंतर काथ्याने चूक केली. स्वतःच्या केसांना लावते ते घट्ट क्रीम तिने तेवढ्याच हाताने या केसांना लावलं. वळणं उठायच्या ऐवजी बसली. पावसात भिजलेल्या पाखरासारखं डोकं दिसू लागलं. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय झालं? गप्प का झालीस?"

"पुन्हा धुवावं लागेल. तुमचा केस कोवळा आहे, त्याला हे वजन पेलत नाही. मी माझ्या डोक्याचं माप तुम्हाला लावलं."

वहिनीने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "धू," ती म्हणाली. "घरातच चालत आलंय ते."

दुसऱ्यांदा तिने फक्त जवस उकळून केलेलं पातळसं जेल घेतलं, तेही तळहातावर चोळून जवळजवळ संपवलं आणि ओंजळीने केस खालून वर दाबले. पाणी टी-शर्टमध्ये टिपलं. मग वाट बघणं. वहिनीचा हात सारखा डोक्याकडे जाई.

"हात लावायचा नाही."

"माझं डोकं आहे."

"वाळेपर्यंत माझं आहे."

वाळल्यावर ती कात्री घेऊन एकेक बट बघू लागली, आणि कानामागे थांबली. मुळाशी, नखाएवढा, केस सरळ उगवत होता. तिने दुसरी बट उचलली. तिथेही तेच. आजारातून आलेली वळणं पुष्कळदा टिकत नाहीत, हे तिने दुसऱ्या डोक्यांवर पाहिलं होतं. तिने टोकं कापली आणि खुर्ची फिरवली.

वहिनीने पुष्कळ वेळ आरशात पाहिलं. करडी वेटोळी कपाळावर आली होती, एकमेकांत न घुसता. चेहरा लहान आणि उघडा दिसत होता.

"आता हे कायमचं असंच?"

आवाजात भीती होती की आशा, कळायला मार्ग नव्हता. हो म्हणणं सोपं होतं. सोमवार पार पडला असता.

"नाही," काथ्या म्हणाली. "मुळाशी सरळ यायला लागलेत. हे हळूहळू जातील."

"म्हणजे सुंभ राहणार आणि पीळ जाणार." वहिनीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "कधी?"

"ते नाही सांगता येत. पण एकाच केसात सरळ आणि कुरळा जिथे भेटतो, तिथे तो सगळ्यात कच्चा असतो. तिथे फणी घातलीत किंवा औषध लावलंत, तर तुटेल."

"जाणार असलेल्याला इतकं जपायचं?"

काथ्याने तिच्या खांद्यावरचे कापलेले केस झटकले. वहिनीने रुमाल घडी करून पिशवीत टाकला, डोक्याला नाही बांधला, आणि वाकून बाहेर पडली. काही ठरवल्याचं बोलली नाही. गल्लीच्या टोकाशी एक वाट घराकडे जाते, एक चौकाकडे. काथ्या दारात येईपर्यंत तिथे कुणी नव्हतं.

रविवारी तिने दादाला फोन केला नाही. सोमवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून, बिघडलेला ड्रायर खोक्यात बांधून ती पोस्टात गेली आणि रांगेत उभी राहिली. पुढे पाठीच पाठी. मग रांग थोडी वळली आणि खिडकी दिसली.

वहिनी बसली होती. वरचा पंखा वेटोळ्यांशी खेळत होता. मधूनच तिचा हात ती दाबायला उठे, आणि अर्ध्या वाटेवरून शिक्क्याकडे परत येई.

पुढची बाई म्हणत होती, "केस किती सुरेख हो! कुठे करून घेतलेत?"

"आजारात आलेत. जातील." शिक्का बसला. "आत काच आहे? मग वर तसं लिहा. पुढचे कोण?"

काथ्याने खोकं पुढे सरकवलं. वहिनीने तिच्याकडे पाहिलंच नसावं. तिने खोकं काट्यावर ठेवलं, उचललं, चारही बाजूंनी फिरवलं.

"पत्ता कुठाय यावर?"

काथ्याने खोक्याकडे पाहिलं. पत्ता तिने लिहिलाच नव्हता.

"लिहून आण," वहिनी म्हणाली, "आणि मागून रांगेत ये. नणंद म्हणून पुढे घेणार नाही."