नाल्याकाठचं हिरवं गवत

मोरव्यात आमच्या घरामागे दोन गाई होत्या, एक तांबडी, एक काळी. सांभाळायच्या सासूबाई. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा धरला, माझीही नोकरी सुटली होती, म्हणून गाई चारायला मी नेऊ लागले. माझं माहेर रत्नागिरीकडचं, गुरांची सवय होती. मला वाटायचं, मला सगळं कळतं.

मार्च महिना होता. मागच्या मोकळ्या रानाला बिल्डरने पत्रे ठोकले आणि चरायची जागा गेली. उरलेलं गवत वाळून तारेसारखं झालं होतं. मग मला मोठ्या नाल्याच्या काठी एक पट्टा सापडला. गुडघाभर, कोवळं, काळपट हिरवं गवत. गाईंनी तोंड घातलं ते वर काढेनात. मी खूश होऊन घरी सांगितलं.

सासूबाई खूश झाल्या नाहीत. "पाऊस न्हाय, काय न्हाय, मंग त्याला पानी कोन घालतंय?" त्या म्हणाल्या. "यवढा हिरवा गवत बरा न्हाय, बाय."

मी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेले.

चार-पाच दिवसांत दूध वाढलं, पण पातळ झालं. सायीचा नुसता पापुद्रा येऊ लागला. शेण पाण्यासारखं. मग एका सकाळी दूध तापवताना वास आला, चिखल आणि साबण एकत्र कुजल्यासारखा. मी आणखी एक उकळी काढली. वास कमी झाल्यासारखा वाटला, की मीच तसं वाटून घेतलं, आज सांगता येत नाही.

आमचं दूध समोरच्या बिल्डिंगमध्ये एका घरी जायचं. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, मूळचे नांदेडकडचे, आणि दोन वर्षांची मुलगी. ती मुलगी दुसरं दूध तोंडाला लावायची नाही. रोज सकाळी मी बाटली द्यायचे. वास आल्यावरही पाच दिवस देत राहिले.

सहाव्या दिवशी बाटली घेऊन गेले तर तिची आई दारातच म्हणाली, "वहिनी, आज नको. पहाटेपासून उलट्या करतेय. पाणीसुद्धा ठरत नाहीये. आत्ता दवाखान्यात निघालोय."

मुलगी बापाच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. ओठ कोरडे. मला बघून रोज "दूदू" म्हणायची, आज डोळेही उघडले नाहीत. बाटली तशीच घेऊन मी जिना उतरले.

घरी आले तर तांबडी रवंथ करत नव्हती. तिची डावी कूस ढोलासारखी ताणलेली, तोंडातून लाळ गळत होती. सासूबाई तिच्या गळ्याला हात लावून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत तिला आडवं होऊ द्यायचं नाही म्हणाले. मी दावं धरून तिला अंगणात फिरवत होते आणि डोक्यात एकच चालू होतं. गाईचं हे झालं, तर त्या पोरीच्या पोटात मी काय घातलं?

डॉक्टरांनी नळी घालून गाईच्या पोटातला वारा काढला, औषध पाजलं. म्हणाले, "नुसतं कोवळं गवत खाल्लं की पोटात चोथा जात नाही. त्याने पोट फुगतं, शेण पातळ होतं, दुधाची साय जाते. आधी पेंढा घालत जा."

"आणि वास?"

"वासाचा पाला खाल्ला तर तो दुधात उतरतो. पण तुमच्या नाल्यातून काय काय वाहतं, ते मी कसं सांगणार?"

दुपारी मी पुन्हा समोर गेले. जिन्यात दोनदा थांबले. गप्प बसले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. बेल वाजवल्यावर तिची आई आली. मुलीला सलाईन देऊन घरी आणलं होतं, ती झोपली होती. मी सगळं सांगितलं. नाला, गवत, वास.

तिने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "वास कधीपासून येत होता?"

"पाच दिवस झाले."

मुलगी जागी होऊ नये म्हणून तिने दार अगदी हलकेच लावून घेतलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मुलगी गॅलरीत खेळताना दिसली. उलट्यांची साथच होती, बिल्डिंगमधली आणखी दोन मुलं आजारी पडली होती, असं तिच्या वडिलांनी रिक्षास्टँडवर भेटल्यावर आपणहून सांगितलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. पण दूध त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तांबडी वाचली. गाई आता दावणीलाच असतात, पेंढा आणि विकतचा चारा खातात. दूध कमी येतं. ते घरचेच पितात, आणि घरातलं शेवटचं माणूस पिऊन होईपर्यंत मी ओट्यापाशी उभी असते, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत.