वस्तऱ्याखालचा प्रेक्षक

सुरेशभाऊंच्या सलूनमध्ये मान मागे टाकून बसलो होतो. गळ्यावर वस्तरा फिरत होता. आरशाच्या वर टांगलेल्या टीव्हीत निवेदक कुणावर तरी ओरडत होता आणि बाकावर नंबर लावून बसलेली माणसं कानांत इअरफोन घालून आपापल्या मोबाईलमध्ये बुडाली होती. पावडरच्या डब्याला टेकवलेल्या सुरेशभाऊंच्या मोबाईलवरही कुणीतरी घरात बसून तीच बातमी समजावून सांगत होता.

"लाखो लोक बघतात याला," सुरेशभाऊ म्हणाले. त्यांची नजर मोबाईलवर होती, हात माझ्या गळ्यावर.

वस्तरा पुसायला त्यांनी हात उचलला तेव्हा कुठे मी विचारलं, "मग टीव्ही कशाला लावता?"

"तो बंद केला की दुकान बंद वाटतं."

पूर्वी याच टीव्हीवरून इथे भांडणं जुंपायची. आता गर्दी मोबाईलकडे गेली खरी, पण गेली ती एकेकट्यानं.

वस्तरा पुन्हा गळ्यावर आला. तेवढ्यात मोबाईलमधल्या माणसाचा आवाज चढला आणि सुरेशभाऊंचा हात जागच्या जागी थबकला. मी श्वास रोखून टीव्हीकडे बघत राहिलो. त्याला तिथे उरलेला प्रेक्षक मी एकटाच होतो, तोही मान हलवता येत नव्हती म्हणून.