साय, एवढाच शब्द

झटका आला तेव्हा आई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, भावाच्या वाडीत, म्हशीची धार काढत होती. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणंही गेलं. पुण्याच्या दवाखान्यातून सोडल्यावर मी तिला भोरला माझ्याकडे आणलं. वाडीवर डॉक्टर नाही, एसटी दिवसातून दोनदा. भावाने तिचं गाठोडं जीपमध्ये ठेवलं.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी गॅसवर दूध तापवत होते. खुर्चीत बसलेली आई पातेल्याकडे बघत होती. मी गॅस बंद केला आणि ती स्पष्ट म्हणाली, "साय."

मी रडलेच. लगेच भावाला फोन लावला. आई बोलली, म्हटलं.

पण पुढच्या दोन दिवसांत कळलं की तिच्याकडे तेवढाच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी साय, पांघरूण हवं असलं तरी साय. सूर बदलायचा, शब्द तोच. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू समोर ठेवा, नावं सांगा, तिच्याकडून म्हणवून घ्या. वेळ लागेल.

मी दुधापासूनच सुरुवात करायचं ठरवलं, कारण त्यातली सगळी नावं मला तिनेच शिकवली होती. भोरला वसतिगृहात राहून शाळा शिकत असताना मी एकदा सुट्टीत घरी गेले आणि सायीला मलई म्हणाले. आई हसली होती. "मलई हलवायाकडं असती गं. आपल्या पातेल्यावर धरती ती साय," म्हणाली. मग तिने एकेक दाखवलं. साठवून आंबवलेल्या सायीला ती सायटं म्हणायची. दूध आटवल्यावर पातेल्याच्या बुडाशी चिकटते ती खरवड. तूप गाळल्यावर खाली राहते ती बेरी, तिच्यात गूळ घालून ती मला द्यायची. एका दुधाच्या इतक्या वस्तू, आणि ती डोळे मिटून नुसत्या वासावर त्यांची नावं सांगायची.

त्याच बाईसमोर मी वाट्या मांडायला लागले. दूध, दही, लोणी, तूप. कचेरीत जाण्याआधी अर्धा तास, आल्यावर अर्धा तास. मी म्हणायची, "लोणी." ती माझ्या ओठांकडे बघून जीव तोडून म्हणायची, "साय." आणि बरोबर आलं का, म्हणून माझ्या तोंडाकडे बघायची. पहिल्या महिन्यात मी हसून मान हलवायची. दुसऱ्या महिन्यात माझं हसणं कमी झालं.

त्या दिवशी कचेरीत साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. घरी आले ती तशीच वाट्या घेऊन बसले. दहा वेळा लोणी म्हणून झालं, दहा वेळा साय ऐकून झालं.

"हे लोणी आहे, आई. साय नाही. किती वेळा सांगायचं? मुद्दाम करतेस का तू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. त्यानंतर ती माझ्यापाशी एक शब्दही बोलली नाही. मी पाया पडले, माफी मागितली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसले. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, पण ओठ घट्ट मिटलेले. तहान लागली की तांब्याकडे नुसतं बोट दाखवायची.

दिवाळीनंतर भाऊ आला तेव्हा तिने त्याचा सदरा धरला तो सोडला नाही. तो तिला घेऊन गेला.

आठ दिवसांनी मी फोन केला. बोलते का, विचारलं.

"बोलती की," भाऊ म्हणाला. "दिसभर साय साय चाललंय. आमाला कळतंय सगळं."

मी रविवार धरून निघाले. कापूरहोळला गाडी बदलली, नसरापूरवरून वेल्ह्याला गेले, पुढे वाडीखालपर्यंत दुपारची एसटी, मग चालत. अंगणाच्या कुडापाशी पोचले तेव्हा आतून तिचा आवाज ऐकू आला. भावजय भाकरी थापत काहीतरी सांगत होती आणि आई मध्येमध्ये साय म्हणत होती, हसत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. आईने मला पाहिलं, तिचा चेहरा खुलला, आणि तिने तोंड मिटून घेतलं. संध्याकाळी निघेपर्यंत ते मिटलेलंच होतं.

त्यानंतर मी तीनदा गेले. तिन्ही वेळा तसंच.

माघात ती गेली. दहाव्याला नदीवरून परत आल्यावर मी भावाला विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणाली का? तो म्हणाला, "न्हाई, ताई. तिला कसं म्हनता येनार?"

भावजयीने ते ऐकलं. ती माझ्याजवळ येऊन बसली. "वन्सं," ती म्हणाली, "दुपारची एसटी खाली वळली की आई रस्त्याकडं बगायच्या. साय म्हनायच्या. तुमालाच म्हनायच्या त्या."

हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.