मूठ बसेपर्यंत दाढी बंद

जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांकडे दुरुस्त झालेल्या वस्तू कमी आणि किस्से जास्त साठतात. आमच्या नगरच्या मंडळाकडे तर वस्तू जवळजवळ नाहीतच! दर रविवारी आम्ही एमआयडीसीत पोपटरावांच्या लेथच्या शेडमध्ये जमतो. रिटायर्ड ड्रॉइंग टीचर असलेले सर बोलतात, पोपटराव ठोकतात, दातांचे डॉक्टर सल्ले देतात आणि मी चहा आणतो. आजवर धड झालेली गोष्ट म्हणजे फक्त चहा.

अशा लोकांच्या हाती अण्णांनी आपल्या वडिलांचा वस्तरा दिला. अण्णा मूळचे मिरजगावचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. वस्तऱ्याचं पातं दणकट होतं, पण मुठीच्या सेल्युलॉइडच्या दोन्ही पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. एकीचा भुगा झाला होता, दुसरी कशीबशी धड होती.

"बापाचा वस्तरा हाय," अण्णा म्हणाले. "नवी मूठ बसंपर्यंत दुसरं पातं गालाला लावनार न्हाई!"

"रविवारी घेऊन जा," सर म्हणाले. कुठल्या रविवारी, ते बोलले नाहीत.

*

सरांनी आधी लेक्चर दिलं. सेल्युलॉइड म्हणे भयंकर पेट घेतं. डॉक्टरांना पटेना. मग सरांनी ती धड असलेली पट्टी चिमट्यात धरली आणि खाली लायटर लावला. भस्सकन जाळ! पोपटरावांच्या मिशा थोडक्यात वाचल्या.

"पटलं ना?" सरांनी विजयी मुद्रेने विचारलं.

"पटलं," पोपटराव म्हणाले. "आता नवी पट्टी कशाच्या मापानं कापू?"

*

मग कशाची मूठ करायची यावर वाद सुरू झाला. सर म्हणाले, म्हशीचं शिंग. पोपटराव म्हणाले, शिसव. चार रविवार नुसते भांडण्यात गेले. पाचव्या रविवारी डॉक्टरांनी खिशातून तयार पट्ट्याच काढल्या. कवळी ज्या मटेरियलची करतात, त्याच्या! रंग अस्सल हिरड्यांचा, गुलाबी.

अण्णांनी त्या पात्याला लावून बघितल्या.

"डॉक्टर, ह्यानं दाढी करू, का भाकरी खाऊ?"

डॉक्टर पुढचे दोन रविवार आले नाहीत. तेवढंच काम पुढे सरकलं.

*

दिवाळी गेली. अण्णांची दाढी गळ्याखाली उतरली, पांढरीशुभ्र. अशात ते मेहुणीला घेऊन शिर्डीला गेले. ती दर्शनाच्या रांगेत, हे फुलवाल्याच्या बाकड्यावर टेकलेले. तेवढ्यात एक कुटुंब आलं आणि ओळीने यांच्या पाया पडायला लागलं. वडील, आई आणि परीक्षेत नापास झालेला मुलगा. बाकड्यापुढे ही गर्दी! अण्णांची उभी नोकरी डबलबेल मारण्यात गेलेली. तोंडातून सवयीने निघून गेलं, "पुढं सरका, पुढं सरका!"

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मुलाला म्हणाले, "ऐकलंस? झालं ते झालं. पुढे सरक!"

हाच माणूस गुळगुळीत दाढी करून तीस वर्षं गाडीत ओरडत होता, तेव्हा दरवाजातलं एक माणूस जागचं हललं नाही. मला तर या गोष्टीचा रागच येतो.

*

शेवटी शिसव ठरला. पोपटरावांनी पट्ट्या घासल्या, पिना ठोकल्या, आणि अशा ठोकल्या की वस्तरा उघडेचना. दोन पकडी लावल्या तेव्हा कुठे पात्याने तोंड दाखवलं.

"लहान मुलं घरात असली की असंच पाहिजे," सर म्हणाले.

त्याच वेळी अण्णांच्या मंडळी शेडमध्ये शिरल्या. वहिनींना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं, सुवर्णाचं, जमत आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, पण मुलाचे मामा मानपानावरून फुगून बसलेले. शेवटच्या बोलणीला पाहुणे पुढच्या रविवारी येणार होते.

"मामाला आधीच निमित्त पायजे," वहिनी म्हणाल्या. "पोरीचा बाप बैरागी व्हायला निघालाय म्हनून उठून जाईल त्यो! ह्या दाढीपायी माज्या पोरीची सोयरीक मोडली, तर तुमच्या सगळ्यांची हजामत मी करीन. बिनपाण्यानं!"

त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मंडळात कोणी बोललं नाही, फक्त काम झालं.

*

रविवारी सकाळीच वस्तरा घेऊन आम्ही अण्णांच्या घरी पोहोचलो. पाहुणे यायच्या आत दाढी उरकायची होती. पण दारात चपलांचा ढीग! पाहुणे आमच्याही आधी हजर.

आत सोफा रिकामा होता. मामा खाली सतरंजीवर हात जोडून बसले होते. समोर खुर्चीत अण्णा, घामाघूम, दाढी पोटाकडे निघालेली.

"महाराज," मामा म्हणत होते, "मानपानाचं मनात आणू नका. आमचं काही म्हणणं नाही. तुम्ही फक्त शब्द द्या."

अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पुढं सरका."

"झालं! पुढचीच तारीख धरू," म्हणून मामांनी यांचे पाय धरले.

सरांना राहवलं नाही. त्यांनी डबी उघडली, वस्तरा काढला आणि एका बोटाने अलगद उघडून दाखवला. खरंच सांगतो, आमच्या हातून इतकी देखणी वस्तू पुन्हा होणार नाही.

वहिनींनी तो झडप घालून हिसकावला, पदराखाली लपवला आणि आम्हाला स्वयंपाकघरात ओढलं. वस्तरा पोपटरावांच्या हातात कोंबून दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, मोडा ही मूठ! आन लगीन लागंपर्यंत तुमची दुरुस्ती अशीच चालू ठेवा."