ओ न दिलेली हाक

लेकी माहेरी आल्यावर घर जसं फुलतं, तसं होमकमिंगच्या, म्हणजे कॉलेजची जुनी पोरं परत यायच्या शनिवारी अलाबामातलं ते कॉलेजखालचं गाव फुलायचं. एरवी मरगळलेल्या रस्त्यावर कोळशावर फासळ्या चरचरायच्या, चर्चच्या बाया मासे तळून घामाघूम व्हायच्या आणि एझेल प्रुइटच्या केस कापायच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

कॉलेजच्या बँडमध्ये अंगाभोवती चढवायचा भलाथोरला पितळी भोंगा वाजवणाऱ्यांची एक रीत होती. मिरवणुकीआधी जुन्या गड्यानं आपल्या तुकडीची चार सुरांची हाक भोंग्यातून फुंकायची, आणि त्याच तुकडीतल्या दुसऱ्यानं तशीच फुंकून ओ द्यायची. एझेलच्या तुकडीतले आता दोघंच उरले होते: तो आणि ओथा.

ओथा दरवर्षी डेट्रॉईटहून यायचा, पेकनच्या झाडाखालून हाक फुंकायचा. एझेल गप्प. का, तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ओथा चारचौघांत म्हणाला होता, "एझ्या, तुझा भोंगा आज खेचरागत रेकला रं!" तेव्हापासून गावाला तो खेचर. टक्कल पडलं, नाव काही गळलं नाही.

यंदा मात्र त्यानं भोंगा लिंबानं घासला, अंगाभोवती चढवला आणि दारात उभा राहिला.

"खेचरा, लगीनबिगीन हाय व्हय आज?" खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं.

"ओ देणार हाय त्या लबाडाला. लई झालं आता."

"लवकर सुचलं की, बाबा!"

ढोल थांबले. गर्दीपलीकडून, पेकनखालून एक फाटका आवाज आला. दोन सूर कसेबसे, पुढं नुसता वारा.

एझेल खदखदून हसला. "कुणी बेडूक चिरडला रं? फुंकाय येत न्हाई तर मासं खा म्हणावं!"

सगळा रस्ता हसला. एझेल पुन्हा कान टवकारून उभा. ओथाची हाक म्हणजे खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मिरवणूक येऊन गेली, तरी हाक नाही.

मग ओथाची बायको व्हर्डेल समोर आली.

"वहिनी, ओथा कुठाय?"

"गाडीत बसवलाय. फुप्फुसं गेली त्येची, भावजी. डाक्टर नको म्हणत हुता, तरी फुंकलं. म्हणला, यंदा खेचर ओ दील बघ."

एझेल मान उंचावून गाडी शोधायला लागला.

"आवाज फुटला न्हाई नीट. त्येला ऐकू आलं ते तुमचं हसू तेवढं. घरी चल म्हणतोय आता."

ती निघूनही गेली. एझेलचे पाय हलेपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती. भोंग्याच्या ओझ्यासकट तो तळणाच्या कढया चुकवत धावला, धाप लागली तसा थांबला आणि उरल्या दमात फुंकला. पुरती ओ, चारी सुरांची. कडेचे लोक टाळ्या पिटायला लागले.

गाडीचे मागचे लाल दिवे जरा पेटले. पण पुढं वळण होतं, आणि वळणावर ब्रेक कुणीही दाबतंच.