छत्रीवाल्याच्या सिनेमातली आई

ताईला घमेंड होती म्हणून तिचं लग्न राहिलं, असं आमच्या नात्यात अजून बोललं जातं. मी ऐकतो आणि चहा पितो. चाळीस वर्षं हेच केलं. आता त्र्याहत्तर पूर्ण झाली, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात होतो. त्यांनी मला सहा महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. बोललेलं समजण्याइतकी भाषा आली. पुढे तिकडचा एक इंजिनियर इथे येऊन राहिला आणि जाताना मला एका विनोदी सिनेमाची व्हिडिओ कॅसेट देऊन गेला. त्या सिनेमाचे म्हणे कितीतरी भाग निघाले होते. प्रत्येकात तोच माणूस. गावोगाव छत्र्या दुरुस्त करतो, कुणी न सांगता दुसऱ्यांची लग्नं जुळवायला जातो आणि घोळ घालतो.

एका रविवारी दुपारी व्हीसीआर भाड्याने आणला. आई अंथरुणाला खिळलेली; तिची खाट पुढच्या खोलीत ओढली. ताई शेंगा सोलत बसली. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. छत्रीवाला स्थळ घेऊन भलत्याच घरात शिरला आणि तिथे जेवूनही आला, तेव्हा आई खोकला लागेपर्यंत हसली.

त्याच आठवड्यात ताईला दिंडोरीच्या एका विधुर मास्तरांचं स्थळ आलं होतं. ती छत्तिशीची. मास्तर तिला आवडले होते, ते मला दिसत होतं. ती गेली तर आईचं कोण करणार आणि मी शिफ्टला कसा जाणार, एवढंच माझ्या डोक्यात.

सिनेमाच्या शेवटाकडे खाणावळ चालवणारी मुलगी आजारी आईजवळ बसते. आई तिला म्हणते, "जा तू. माझं मी बघेन."

"काय म्हणाली रे?" ताईने विचारलं. शेंग तिच्या हातात तशीच.

"म्हणाली, मला टाकून जाऊ नकोस."

खाटेवरून आई म्हणाली, "तिकडच्या म्हाताऱ्याही तसल्याच का."

दुसऱ्या दिवशी ताईने नकार कळवला. दोन वर्षांनी मी मात्र लग्न केलं. आईचं शेवटपर्यंत ताईनेच केलं.

मागच्या महिन्यात तोच भाग मला मोबाइलवर सापडला. तेव्हापासून एका जागी बसवेना. गंगापूर रोडवरून रिक्षा करून इंदिरानगरला ताईकडे तीनदा गेलो. एकदा गॅसच्या नळीबद्दल बोललो, एकदा तिच्या गुडघ्यांबद्दल. एकदा तर जिन्यातूनच परतलो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा मोबाइलवर सिनेमा लावला. ती जागा आल्यावर थांबवला आणि सांगितलं.

ताई थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली.

"थांब म्हणाला असतास, तर थांबले असते," ती म्हणाली. "मग ते माझं थांबणं झालं असतं."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"आणि आईच्या तोंडी कशाला घातलंस?"

मी मोबाइल बंद करायला हात पुढे केला.

"लाव पुढे," ती म्हणाली. "आणि मधे बोलू नकोस."

छत्रीवाला तळ्यात पडला. पुढच्या गावाला निघाला. ताई एकही शब्द कळत नसताना शेवटपर्यंत बघत होती. मला सगळं कळत होतं.